एंडोथेलिनची आज्जी धेनू, आणि ते 'पूर्ववत'

ताई, तुम्ही विचारलंय की आतड्याचं रक्त तुटून परत आल्यावर होणाऱ्या इजेवरच्या लेखाचं भाषांतर करताना एंडोथेलिनला, म्हणजे रक्तवाहिनी आवळणाऱ्या त्या रेणूला, 'अंतःस्तर-द्रव्य' म्हणू की 'अंतःस्तर-रेणू'. सांगतो, पण आधी तुमच्या पहिल्या वाक्यातलं 'गुठळी काढल्यावर रक्तपुरवठा पूर्ववत होतो' हे खोडा बघू. हे 'पूर्ववत' टीव्हीवाल्यांनी वीजपुरवठ्यापासून वाहतुकीपर्यंत सगळीकडे चिकटवलंय. पूर्ववत म्हणजे आधीसारखं, आणि तुमचा अख्खा लेख ओरडून सांगतोय की ते आधीसारखं होत नाही! रक्त परत आलं की त्याच्यासोबत ऑक्सिजन येतो, त्यातून घातक रेणू तयार होतात, पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात आणि उपाशी आतडं आणखी जखमी होतं. सरळ 'रक्त परत सुरू होतं' लिहा ना.

आता एंडोथेलिन. १९८८ मध्ये जपानात त्सुकुबाला यानागिसावा, मासाकी वगैरे मंडळींनी डुकराच्या महाधमनीच्या पेशींतून शोधलं, २१ अमिनो आम्लांची साखळी, रक्तवाहिनी जबरदस्त आवळते. नायट्रिक ऑक्साइड तिला सैल सोडतं, हे आवळतं. उंदरांवरच्या प्रयोगांत ह्याचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर हे जिथे चिकटतं त्या जागा, आधीच अडवले तर आतड्याची इजा कमी झालेली दिसलीय. हे तुम्हाला माहितीच असेल, खरी गंमत नावात आहे.

ग्रीकमध्ये एंडो म्हणजे आत, आणि थेले म्हणजे चक्क स्तनाग्र! १७०० च्या आसपास रॉइश नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञाने ओठांवरच्या बारीक उंचवट्यांवरची पातळ त्वचा बघून 'एपिथेलियम' बनवलं, १८६५ ला विल्हेल्म हिसने त्यावरून रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरासाठी 'एंडोथेलियम' काढलं, रक्तवाहिनीत स्तनाग्र असो नसो, आणि त्या अस्तराच्या पेशींतलं म्हणून हे एंडोथेलिन. आणि हे थेले ज्या मूळ धातूचं त्याच घरातला आपला संस्कृत 'धे', म्हणजे चोखणे, त्यातूनच धेनू, धात्री! 'दाई' फारसीतून आली असं काही कोशवाले ठासून सांगतात, अहो, ती फारसी दायासुद्धा ह्याच धातूची लेक, मग भांडण कसलं?

माझं तर म्हणणं आहे की हे नाव चुकीच्या जागी पडलं. आतड्याचं अस्तर बघा, टर्किश टॉवेलच्या धाग्यांसारखे उंचवटे, रक्त तुटलं की त्यांची टोकंच आधी मरतात, कारण टोकाला ऑक्सिजन मुळातच कमी पोचतो. थेले असलंच तर तिथे आहे, धमनीत नाही. कुणाला पटो न पटो.

हां, तुमचा प्रश्न. दोन्ही नको, एंडोथेलिनच ठेवा, इन्सुलिनला कुठे मराठी केलंय आपण? पण द्रव्य की रेणू एवढंच असेल तर रेणू.