चावी काढली तरी पंखा थांबेना

प्रश्न : लांबून आल्यावर गाडी बंद केली, की बोनेटखालचा पंखा तीन-चार मिनिटं फिरत राहतो आणि मग आपोआप थांबतो. हा बिघाड समजायचा का?

उत्तर : नाही. इंजिन थांबलं की बहुतेक गाड्यांत कूलंट फिरवणारा पंपही थांबतो. कूलंट जागच्या जागी थबकतं, पण सिलिंडर हेडमधली उष्णता त्यात उतरतच राहते आणि तापमान काही अंशांनी चढतं. ते खाली यावं म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) पंखा थोडा वेळ चालू ठेवतो. टर्बो गाड्यांत, किंवा एसी लावून घाट चढल्यावर हे जास्त जाणवतं. दहा मिनिटांच्या आत थांबत असेल तर निश्चिंत राहा. पूर्वी होत नव्हतं आणि आता रोज होतंय असं असेल, तर इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा काढा.

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीचा पंखा चावी काढल्यावर थांबतच नाही. रात्री गाडी लावली की सकाळी बॅटरी उतरलेली. मेकॅनिकने रिले बदलला, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. काय तपासावं?

उत्तर : गार इंजिनावर, चावी काढलेली असताना पंखा फिरतोय म्हणजे दोष नक्की आहे. पूर्ण वेगातला पंखा साधारण १५ ते २५ अँपिअर ओढतो, त्यामुळे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन तासांत उतरते.

चावी बंद ठेवून पंख्याचा रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालून पंख्याचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, उपसा. कमी आणि जास्त वेगासाठी वेगवेगळे रिले असतील तर एकेक काढून बघा. पंखा थांबला, तर काढलेल्या रिलेच्या ३० आणि ८७ या पिनांवर मल्टीमीटर कंटिन्युइटीला (जोड सलग असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगला) लावा. बीप वाजली की आतले कॉन्टॅक्ट चिकटलेले आहेत. बीप नाही आणि ८५-८६ मधला कॉइलचा रोध ५० ते १२० ओहमच्या आसपास आहे, तर रिले चांगला आहे आणि त्याला कुणीतरी बाहेरून चालू ठेवतंय. जुन्या गाडीत रिले परत बसवून रेडिएटरवरच्या थर्मोस्विचचा (तापमानानुसार पंखा चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) कनेक्टर काढा. पंखा थांबला तर स्विच आतून चिकटलाय. (काही जुन्या रचनांत उलटं असतं, कनेक्टर काढला की पंखा सुरू होतो. आधी वायरिंगचा आराखडा बघा.) नव्या गाडीत स्कॅनर लावून गार इंजिनाचं कूलंट तापमान वाचा. ते बाहेरच्या हवेइतकं हवं. उणे ४० अंश दिसलं तर सेन्सरची वायर तुटलीय. १३० च्या वर दिसलं तर शॉर्ट आहे. मात्र सेन्सरच्या दोषामुळे चावी काढल्यावरही पंखा फिरेल, तो फक्त इंजिन थांबल्यावरही ईसीयू पंखा चालवतो अशा गाड्यांत.

सगळे रिले काढूनही पंखा फिरतोय? मग वेग कमी-जास्त करणाऱ्या मॉड्यूलवर संशय घ्या. ते बहुधा पंख्याच्या चौकटीवरच बसवलेलं असतं आणि मोठ्या फ्यूजमधून थेट बॅटरीशी जोडलेलं असतं. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की बंद करायला काही उरत नाही. पण मॉड्यूल विकत घेण्याआधी त्याची सिग्नल वायर आणि कनेक्टरमधला गंज तपासा, कारण सिग्नल तुटला तर कित्येक मॉड्यूल खबरदारी म्हणून पंखा पूर्ण वेगात सोडतात.

तुमच्या बाबतीत रिले पुन्हा चिकटला असेल, तर मूळ दोष बहुधा मोटरमध्ये आहे. बॅटरीची ऋण तार काढून पातं हाताने फिरवा. ते सहज फिरायला हवं. जड लागलं, घासलं किंवा डगमगलं, तर बुश किंवा बेअरिंग गेलंय. अशी मोटर जास्त करंट ओढते, कॉन्टॅक्टवर ठिणग्या पडतात आणि ते वितळून एकमेकांना चिकटतात. मोटर चालू असताना डीसी क्लँप मीटरने करंट मोजा. २०० वॉटच्या मोटरला १५ अँपिअरच्या आसपास पुरतात. सॉकेटमधली टर्मिनल काळपट किंवा सैल असतील तर तीही बदला. ४० अँपिअरच्या जागी २० चा रिले बसवलेला नाही ना, हे छापील आकड्यावरून पडताळा. आणि फ्यूज जळतो म्हणून मोठा फ्यूज मुळीच घालू नका. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी लावल्यावर रिले काढून ठेवा, पण निघण्याआधी न चुकता परत बसवा. पंख्याविना रहदारीत इंजिन तापतं. तपासताना बोटं आणि बाह्या पात्यापासून लांब ठेवा. पंखा चावी नसतानाही अचानक सुरू होतो.

प्रश्न : डिझेल गाडीत कधीतरीच पंखा जोरात फिरत राहतो आणि जळका वास येतो. का?

उत्तर : बहुधा डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळण्याचं काम चालू असताना तुम्ही गाडी बंद केलीत. त्या वेळी फिल्टर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. वाळक्या गवतावर गाडी लावू नका. वारंवार होत असेल, तर छोट्या फेऱ्यांमुळे हे काम अर्धवट राहतंय. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एका वेगाने चालवा. तरीही थांबलं नाही, तर फिल्टरमधल्या काजळीचं प्रमाण स्कॅनरवर बघून घ्या.