रहूच्या भाताला तणनाशक लागले: आता सेफनर फवारून उपयोग होईल का?

आपला प्रश्न असा आहे की, लावणीच्या भातासाठी आणलेले प्रेटिलाक्लोर हे तणनाशक रहूच्या, म्हणजे मोड आलेले बी चिखलात फोकून पेरलेल्या, खाचरात फवारले गेले, रोपे आखडली, आणि आता सेफनर, म्हणजे पिकाला तणनाशकापासून जपणारा रासायनिक पदार्थ, आणून फवारला तर ती सावरतील का. सावरणार नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

सेफनर हा उतारा नव्हे. तो तणनाशकाच्या आधी किंवा निदान त्याच्यासोबत रोपात पोहोचावा लागतो. भाताच्या रोपात मुळातच अशी विकरे (एन्झाइम) असतात की, जी तणनाशकाच्या रेणूला ग्लुटाथायोन हा पेशीतलाच एक छोटा रेणू जोडून तो निरुपद्रवी करतात. सेफनर रोपाला हीच विकरे अधिक प्रमाणात तयार करायला लावतो, त्यामुळे कोवळ्या कोंबाची वाढ थांबण्यापूर्वीच तणनाशकाची विल्हेवाट लागते. एकदा वाढ खुंटली की त्याला करण्यासारखे काही उरत नाही.

प्रेटिलाक्लोरचा जोडीदार सेफनर म्हणजे फेनक्लोरिम. तीन भाग प्रेटिलाक्लोरला एक भाग फेनक्लोरिम मिसळलेली बाटली ३०.७ टक्के ईसी (पाण्यात मिसळून फवारायचे तेलकट द्रावण) म्हणून मिळते आणि रहूसाठी तीच घ्यायची. लावणीसाठीच्या ५० टक्के ईसीमध्ये सेफनर नसतो, कारण लावणीचा तरवा, म्हणजे वाफ्यात वाढवलेली रोपे, तोवर जून झालेला असतो. फेनक्लोरिम मुख्यतः मुळांवाटे शोषला जातो, म्हणून बियाला मोड आणून ते पेरणे ही त्यातली अटच आहे; धूळवाफेच्या, म्हणजे कोरड्या जमिनीतल्या, पेरणीत हा हिशेब लागू पडत नाही.

ही चूक मीही केली आहे. दुकानदाराने 'दोन्ही एकच' म्हणून ५० टक्क्यांची बाटली हाती दिली आणि मी लेबल वाचले नाही. आठव्या दिवशी रोप उपटून पाहिले, तेव्हा मूळ बरे होते. पण पहिले पान कोंबाच्या आवरणाच्या बाजूने फुटून सुरळीतच अडकले होते आणि रंग नको इतका गर्द हिरवा दिसत होता. मी खाचराची मूस, म्हणजे बांधातली पाण्याची वाट, फोडून पाणी काढले, दुसरे पाणी फिरवले आणि जिथे नवे पान सरळ निघाले नाही तेवढ्या जागी तरवा लावून घेतला. आपणही सध्या एवढेच करू शकता.

पुढच्या खेपेस ३०.७ टक्क्यांचे औषध हेक्टरी दीड ते दोन लिटर, म्हणजे गुंठ्याला १५ ते २० मिलि, पेरणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पाणी तुंबलेले नसताना पण चिखल ओला असताना फवारावे. आपल्याकडच्या जांभ्याच्या हलक्या जमिनीत मी १५ च्या वर जात नाही. त्या दिवशी पावसाची सर धरलेली असेल तर एक दिवस थांबलेले बरे.

आणखी एक: हे संरक्षण भात, मका, ज्वारी, गहू अशा तृणधान्यांपुरतेच असते. शेजारच्या परड्यातल्या मिरचीवर किंवा काकडीच्या वेलावर तणनाशकाचा फवारा उडाला, तर तिथे कोणताही सेफनर कामाला येत नाही.