क्वीअर, तर्कु आणि टकळी

प्रश्न : मेल्विलच्या 'मोबी-डिक'वर मराठीत लेख लिहिते आहे. 'क्वीअर थिअरी'ला 'समलैंगिक सिद्धान्त' म्हटलं तर चालेल का? कादंबरीतही 'क्वीअर' हा शब्द येतो, तिथे काय करू?

नाही चालणार. क्वीअर थिअरी म्हणजे लिंग आणि लैंगिकतेच्या ठरीव चौकटींनाच प्रश्न विचारणारी विचारपद्धती. आधी ते 'समलैंगिक' सोडा. 'समलिंगी' हा नेटका शब्द हाताशी असताना त्याला ही वेलांटी-मात्रांची झालर कशाला? शिवाय क्वीअरमध्ये समलिंगी येतात तसे पारलिंगीही येतात आणि कुठल्याच खणात न मावणारेही. मध्यंतरी एका परिसंवादात 'विचित्र सिद्धान्त' ऐकलं, तेव्हा तर चहा घ्यायला उठून गेलो.

आधी 'चमत्कारिक', मग शिवी, मग ती शिवीच छाती काढून मिरवणं, हा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. खरी मौज मुळाशी आहे. जर्मनमध्ये 'क्वेर' म्हणजे आडवा. मेल्विलच्याच 'बिली बड' या लघुकादंबरीचं गाजलेलं वाचन १९९० साली मांडणाऱ्या क्वीअर थिअरीच्या अभ्यासक ईव्ह कोसोफ्स्की सेजविक यांनी 'क्वीअर'चं नातं या 'क्वेर'शी, लॅटिन 'तोर्क्वेरे'शी (पिळणे) आणि इंग्रजी 'अथ्वॉर्ट'शी (आडवं) लावलं. आता 'थ्वॉर्ट' म्हणजे काय? होडीत वल्हेकरी बसतो ती आडवी फळी! ऑक्सफर्डचा कोश यावर नाक मुरडतो : शब्द स्कॉटलंडमध्ये फार आधीपासून सापडतो, तेव्हा जर्मन मूळ जुळत नाही म्हणे. नसेल जुळत. पण मग दुसरं मूळ द्या ना! नुसतं 'संशयास्पद' लिहून हात झटकायला कोश कशाला हवा?

आणि या 'तोर्क्वेरे'चं संस्कृतातलं भावंड कोण? 'तर्कु', म्हणजे चाती. त्या तर्कूच्या घरातलीच आपली टकळी. सुताचीही आणि तोंडाचीही.

आता कादंबरीचं १०८वं प्रकरण काढा. देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या जहाजाचा कप्तान अहॅब, त्याचा हाडाचा पाय घडवणारा सुतार स्वतःशी पुटपुटतोय की हा स्टब (जहाजावरचा एक अधिकारी) कप्तानाबद्दल एकच एवढासा, पण पुरेसा शब्द बोलतो : क्वीअर. स्टबचा वरिष्ठ अधिकारी स्टारबक, त्याच्या कानाशी दिवसभर तेच, क्वीअर, क्वीअर, फार क्वीअर. शुद्ध टकळी! इथे 'तऱ्हेवाईक' लिहा आणि पुढे चला. साल १८५१ आहे, आजचा अर्थ त्या सुताराच्या तोंडी कोंबू नका. (मात्र त्याच दमात तो त्या हाडाला कप्तानाची शेजसोबतीण, बायको म्हणतो, तेवढं वाक्य गाळू नका.)

याच स्टबची दुसरी करामत ७२व्या प्रकरणात आहे. भालेकरी क्वीकेग मारलेल्या देवमाशाच्या निसरड्या पाठीवर उतरलाय, खाली शार्क, वर डेकवर कादंबरीचा निवेदक इश्माएल. दोघांमध्ये एक दोर : एक टोक क्वीकेगच्या रुंद कॅनव्हासच्या पट्ट्याला, दुसरं इश्माएलच्या अरुंद चामडी पट्ट्याला. तो बुडाला तर दोर कापायचा नाही, यानेही बुडायचं. इश्माएल स्वतःच म्हणतो, आम्ही दोघं तेवढ्यापुरते लग्नाने बांधले गेलो होतो. तळटीप सांगते की इतर जहाजांवर दोर असे, पण दोन माणसं अशी एकमेकांना बांधत नसत; ही सुधारणा स्टबची! दिवसभर 'क्वीअर'चा जप करणारा हाच गडी दोन पुरुषांना पिळाच्या दोराने बांधतो, आणि आमचे विद्वान म्हणतात, कादंबरीचं क्वीअर वाचन बाहेरून लादलेलं आहे.

हां, तुमचा प्रश्न. थिअरीला 'क्वीअर'च ठेवा. मनातून मला 'आडवं वाचन' फार आवडलं असतं, पण मराठी माणूस त्याचा अर्थ उशीवर डोकं टेकून वाचणं असाच घेणार. अर्थात, इश्माएल आणि क्वीकेग यांची गाठ सराईतल्या एकाच पलंगावर पडते, तेव्हा तोही अर्थ अगदीच वाया जाणार नाही.