ट्राउटची बंदी थंडीत असते, पावसाळ्यात नाही

दादा, नांदेडहून तुम्ही तिघं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुल्लूकडच्या तीर्थन नदीवर गळ टाकायला निघालात, आणि 'बंदी पावसाळ्यातली, ती कधीच उठली' असं धरून चाललात. तिकिटं काढली नसतील तर थांबा. हिमाचलात ट्राउटच्या, म्हणजे गार पाण्यात राहणाऱ्या त्या माशाच्या, पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते.

हीच चूक मी केलीय. दांडी पिशवीतून बाहेर काढायच्या आतच रखवालदारानं परत पाठवलं होतं, तेही चहा पाजून.

आपण गोदावरीच्या काठची माणसं. पहिला पूर आला की चढणीचे मासे वर धावतात, रोहू, कटला, मृगळ त्याच दिवसांत अंडी सोडतात. त्यात दरवर्षी पेपरात १ जून ते ३१ जुलैच्या बंदीची बातमी येते. ती समुद्रातली, पैठणच्या धरणाशी तिचा संबंध नाही; पण पावसाळा म्हणजे बंदी हे डोक्यात पक्कं बसतं. आणखी घोळ म्हणजे हिमाचलातल्या धरणांतही पावसाळ्यात दोनेक महिने बंदी असते. मोबाइलवर शोधलं की नेमकी तीच तारीख आधी दिसते.

ट्राउटचं सगळं उलटं. ब्राउन ट्राउट थंडीच्या तोंडावर अंडी घालतो. मादी उथळ पाण्यात शेपटीनं गोट्यांत खड्डा करते, अंडी सोडते आणि वरून बारीक गोटे लोटते. पाणी इतकं गार की अंडी फुटायलाच कित्येक आठवडे लागतात, आणि फुटल्यावरही पिल्लं काही आठवडे गोट्यांखालीच राहतात. म्हणून तुमचं 'आम्ही मासा धरून लगेच सोडून देऊ' हे तिथं कामाचं नाही. मासा सोडाल हो, पण ज्या उथळ जागी उभं राहून गळ टाकायचा, तिथंच बुटाखाली अंडी असतात. वरून काहीच दिसत नाही.

'हॉटेलात डिसेंबरातही ट्राउट मिळतो की' असं तुमच्या मित्राचं म्हणणं. मिळतो, पण तो तलावात पाळलेला रेनबो ट्राउट असतो, नदीतला नव्हे.

परवान्याचंही सांगून ठेवतो. मासेमारी हा राज्यांचा विषय, त्यामुळं हिमाचलचा परवाना काश्मिरात चालत नाही, तिथला हंगामही निराळा. आणि परवाना खिशात असला म्हणून बंदीतलं पाणी उघडत नाही.

माझं ऐकाल तर ऑक्टोबरात दसऱ्याची सुटी जोडून जा. तोवर पावसाचा गढूळपणा उतरून पाणी निवळलेलं असतं. ते नाही जमलं तर मार्च-एप्रिल; मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते. आणि कणकेच्या गोळ्या घरीच ठेवा, तिथं स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारं चकचकीत पातं) नाहीतर फ्लाय (पिसा-दोऱ्याचा खोटा किडा) लागतो. निघायच्या आधी त्या वर्षाच्या तारखा तिथल्या मत्स्य विभागाला फोन करून विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.