अमेरिकेत न्यूरोलॉजी रेसिडेन्सी करताना रिसर्चकडे कसं वळायचं?

प्रश्न असाय की रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचं स्पेशालिटीचं ट्रेनिंग) संपवून मग रिसर्च करावा की आधीच सुरू करावा. माझ्या मते आधीच, कारण तिथली न्यूरोलॉजी रेसिडेन्सी इंटर्न वर्ष धरून ४ वर्षांची, आणि शेवटच्या वर्षात इलेक्टिव्हचा (आपल्या आवडीचं काम निवडण्याचा) वेळ बऱ्यापैकी मिळतो, तो सुटा सुटा घालवला तर हाती एखादी केस रिपोर्ट (एकाच पेशंटवरचा छोटा लेख) येते, बाकी काही नाही.

एनआयएच (अमेरिकन सरकारची आरोग्य संशोधन संस्था) मधल्या एनआयएनडीएस या मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांवरच्या संस्थेची आर२५ नावाची ग्रँट होती ना, ती नेमकी यासाठीच, म्हणजे रेसिडेंटला ड्युटीतून सोडवून सलग काही महिने लॅबमध्ये किंवा क्लिनिकल रिसर्चमध्ये बसवायचं. पुढची पायरी एनआयएचच्याच के२३ (पेशंटवरचं संशोधन) किंवा के०८ (बहुतेक लॅबमधलं संशोधन) या ग्रँट, त्यात साधारण ७५ टक्के वेळ रिसर्चला द्यावाच लागतो, न्यूरोसर्जनना मात्र ५० टक्के चालतो. त्यानंतर आर०१ (स्वतंत्र संशोधकाची ग्रँट), मग तुमची स्वतःची लॅब.

आता आपल्याकडून जाणाऱ्यांनी हे नीट ऐका, के०८ आणि के२३ ला सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्ड लागतं, जे१ (ट्रेनिंगसाठीच्या) व्हिसावर या ग्रँट मिळत नाहीत, के९९ (पोस्टडॉक करणाऱ्यांची ग्रँट) ला ती अट नाही. हे खूप जणांना उशिरा कळतं आणि फार वाईट वाटतं बघून.

आणि मेंटॉर निवडताना मोठं नाव बघू नका, त्यांच्याकडे आधी शिकलेले रेसिडेंट आज काय करतायत ते विचारा. स्टॅटिस्टिक्स मात्र पहिल्या वर्षापासून शिका, रोज अर्धा तास का होईना.