गोठ्याचे फाटक: पैसा बिजागरीत आणि खांबात घाला

पावसाळ्याच्या तोंडावर फाटकांबद्दल तीन प्रश्न आले आहेत. मुरबाड तालुक्यातले एक शेतकरी विचारतात, "बारा मुऱ्हा म्हशी आहेत. दहा फुटी लोखंडी फाटक दोनच वर्षांत खाली बसले, जमिनीला घासते. मोडीत काढून नवे करू का?" शहापूरच्या डोंगरपट्ट्यात डांगी गाई पाळणाऱ्या ताई लिहितात, "लसीकरणाच्या खोड्यात, म्हणजे जनावर धरून ठेवायच्या अरुंद चौकटीत, जनावराने मागे रेटा दिला की कडी अडकून बसते, सुटतच नाही. कोणती कडी लावू?" तिसरा प्रश्न नवी मुंबईतून, खाडीलगतच्या गोठ्यातून आहे: "बिजागऱ्या वर्षा-दोन वर्षांत गंजून झिजतात. स्टेनलेस स्टीलच्या बसवू का?"

मुरबाडच्या दादांनी नव्या फाटकाची घाई करू नये. आधी ओळंबा घ्या आणि बिजागरीच्या खांबाला लावून बघा. खांब फाटकाकडे झुकलेला असेल तर दोष फाटकाचा नाही, आणि त्याच खांबावर नवे फाटक टांगले तर तेही तसेच बसेल. खांब सरळ असेल तर कडीकडचे टोक हाताने वर उचलून बघा. वर येताना बिजागरीत खडखडले, तर पिन झिजली आहे किंवा भोक लांबोडे झाले आहे. दोन्ही ठीक असतील तर चौकट तिरकी झाली आहे, म्हणजे आतली तिरपी पट्टी चुकली आहे. ही चूक मी फार ठिकाणी पाहतो. चपटी पट्टी ओढ सोसते, दाब सोसत नाही. म्हणून ती वरच्या बिजागरीपासून कडीच्या खालच्या कोपऱ्याकडे उतरली पाहिजे. उलटी बसवली तर ती धनुष्यासारखी वाकते आणि फाटक खाली येते. पट्टीऐवजी नळी असेल तर ती मात्र खालच्या बिजागरीपासून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे चढवा, कारण नळी दाब पेलते.

बिजागरीवर किती ओढा येतो याचा हिशेब फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी स्वतः करून बघा. फाटक दहा फूट आणि ८० किलोचे धरा. त्याचे वजन मधोमध, म्हणजे खांबापासून पाच फुटांवर काम करते. दोन बिजागऱ्यांत दीड फूट अंतर असेल तर वरची बिजागरी सुमारे २६७ किलोच्या जोराने खांबातून बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत रेटली जाते. तेच अंतर चार फूट केले की ओढा १०० किलोवर येतो. लोखंड तेवढेच, फक्त बिजागऱ्या लांब-लांब. त्यात २५ किलोचे एखादे पोर फाटकाच्या टोकाला लटकून झोके घेऊ लागले, तर चार फुटांच्या अंतरावरही आणखी साठेक किलोची भर पडते. मुलांना यासाठी आवर्जून बजावा.

म्हणून तुमच्या फाटकात मी खर्च कुठे करेन? नक्षीत नाही, पत्र्यातही नाही, खांबात. खांब चार इंची जाड नळीचा घ्या, एकूण उंचीच्या एक तृतीयांश भाग जमिनीत आणि भोवती काँक्रीट. मुरमात तीन फूट पुरते. भातखाचराच्या चिकण मातीत त्याहून खोल जा, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. काँक्रीटचा माथा सपाट ठेवू नका, खांबाभोवती उतार द्या. खांब सर्वांत आधी गंजतो तो तिथेच, जिथे मूत्र आणि शेणपाणी साचून राहते. नळीचे वरचे तोंड झाकण लावून बंद करा, नाहीतर आत पाणी भरून खांब आतून कुजतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता एक गोष्ट, जी चुकली तर जनावर रस्त्यावर येते. वर-खाली दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना वरच्या दिशेने असतील, तर म्हैस खालच्या नळीखाली डोके घालून फाटक अलगद उचलते आणि बाजूला टाकते. एका गोठ्यात मी हे डोळ्यांनी पाहिले, आणि ती म्हैस नाशिक महामार्गाच्या कडेला सापडली. खालची पिन वर तोंड करून आणि वरची पिन खाली तोंड करून बसवा. बसवलेले फाटक असेल तर पिनीला भोक पाडून वॉशर आणि स्प्लिट पिन घाला. काम अर्ध्या तासाचे आहे.

शहापूरच्या ताईंनी विचारलेल्या कडीकडे येतो. खोड्याची कडी सुरगाठीसारखी हवी, निरगाठीसारखी नको. जनावर पूर्ण जोराने मागे ओढत असतानाही ती एका हाताने सुटली पाहिजे, कारण मान अडकून जनावर गुडघ्यावर आले तर हातात मोजके क्षण असतात. साध्या सरकत्या आगळीवर ताण आला की ती भोकात आवळून बसते. तुमच्याकडे हेच होते आहे. तिच्याऐवजी लांब दांड्याची तरफेची कडी लावा, ती ताणाखालीही सुटते. विकत घेण्याआधी एका माणसाला आतून फाटक जोरात रेटायला सांगा आणि ती सोडून बघा. जमले नाही तर घेऊ नका. जनावराच्या पाठीमागे टाकायच्या आडव्या दांड्याची मूठ खोड्याच्या बाहेरच्या बाजूला असू द्या. लाथेने दांडा मागे आला तर हात त्याच्या आणि नळीच्या मध्ये सापडता कामा नये.

कडीचे एकही टोक जनावराच्या वाटेत बाहेर येऊ देऊ नका, विशेषतः कमरेच्या हाडाच्या उंचीवर. तिथे पुढे आलेला इंचभर बोल्टसुद्धा कातडी फाडतो. रोजच्या फाटकावर साखळी वापरत असाल तर तिच्यावर जुन्या रबरी पाइपचा तुकडा चढवा. खणखणाटाने गाई बुजतात, आणि डांगी जनावर मोकळ्या रानात चरलेले असते, त्याला लोखंडाचा आवाज सोसत नाही. गाई-म्हशी जिभेने साधी आगळ सरकवायला शिकतात, म्हणून आगळीला खिट्टी हवीच. ती खिट्टी छोट्या साखळीने फाटकालाच बांधा. पहाटे धार काढायला निघालेल्या बाईच्या एका हातात बादली असते, दुसरा हात ओला असतो आणि वर दिवा नसतो. कडी तिच्या हातात देऊन निवडा.

खाडीकाठच्या प्रश्नाला सरळ उत्तर: सगळे स्टेनलेस नको. ३०४ प्रतीच्या स्टीललाही खाऱ्या हवेत तपकिरी डाग आणि खड्डे पडतात. ३१६ टिकते, पण महाग आहे. शिवाय स्टेनलेसचा बोल्ट साध्या लोखंडात बसवला की त्याच्या भोवतीचे लोखंड अधिक लवकर गंजते. त्यापेक्षा गरम जस्तात बुडवून काढलेल्या जाड बिजागऱ्या घ्या. दुकानातल्या चकचकीत मुलाम्याला भुलू नका. त्यावरचा जस्ताचा थर बहुधा दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, गरम जस्ताचा त्याच्या कितीतरी पट जाड. भोके पाडणे आणि वेल्डिंग जस्त चढवण्याआधी उरकून घ्या. नंतर वेल्डिंग करावेच लागले तर त्या जागेवरचे जस्त घासून काढा, मोकळ्या हवेत करा, आणि वर जस्ताचा रंग लावा. जस्ताचा धूर छातीत गेला की वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो.

देखभालीचे दोन मुहूर्त धरा: मृग लागण्याआधी आणि वसुबारसेच्या आधी. आपल्या ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्यामुळे मृगाआधीचे ग्रीस चुकवू नका. जळके ऑइल मात्र ओतू नका. जनावर ते चाटते, आणि त्यात धातूंचे कण उतरलेले असतात. रंगाचेही तेच. घरगुती रंगांतले शिसे २०१६च्या नियमांनी ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत आणले आहे, पण कारखानी वापराच्या रंगांना ती मर्यादा नाही. डब्यावर शिसेविरहित लिहिलेले बघूनच प्रायमर घ्या. वासरे रंगाचे पोपडे चाटतात, आणि शिशाने त्यांना झटके येतात, दृष्टी जाते.

मला सर्वांत जास्त काळजी तारेची वाटते. खिट्टी हरवली की आपण तारेचा तुकडा पिळतो. तो तुटून गव्हाणीत पडतो, आणि म्हैस चाऱ्याबरोबर गिळते. तार जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या जाळीदार कप्प्यात, रुतते, पोट आकसले की पुढे सरकते, आणि तिथून हृदय काही बोटांवर असते. दूध कमी होते, जनावर कोपरे बाहेर काढून उभे राहते, उतारावर चालायला नाखूश असते. तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. वेल्डिंग झाल्यावर इलेक्ट्रोडची टोके, बोल्ट, तारेचे तुकडे मोजून उचला. जुन्या लाउडस्पीकरमधले लोहचुंबक काठीला बांधून सगळा गोठा झाडून काढा, मगच जनावर आत घ्या.

उल्हास नदीच्या काठी, बदलापूर-वांगणी पट्ट्यात ज्यांचे गोठे आहेत त्यांच्यासाठी वेगळे सांगतो. २६ जुलै २००५ला अनेक गोठ्यांत बांधलेली जनावरे जागीच बुडाली. २७ जुलै २०१९ला याच पट्ट्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. तिथले फाटक दोन्ही बाजूंना उघडेल असे टांगा. पाण्याचा लोट एका बाजूने रेटत असला की त्याच्या विरुद्ध फाटक उघडणे दोन माणसांनाही जमत नाही. जून ते सप्टेंबर रात्री कुलूप लावू नका. चोरीच्या भीतीने लावावेच लागत असेल, तर एक किल्ली शेजारच्या घरी ठेवा आणि कुठे ठेवली ते घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.