गिझरचा धूर माळ्यावरून काढावा का?

प्रश्न : भवानी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात न्हाणीघर जेमतेम ५ बाय ४ फूट आहे. तिथेच गॅस गिझर बसवून धुराचा पाइप माळ्यावरून फिरवत चौकात काढला तर चालेल का? – एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : नाही ताई, कृपा करून तसं करू नका. गरम धूर वर चढतो. आडव्या, वळणावळणाच्या पाइपात तो थंडावून रेंगाळतो आणि मागे न्हाणीघरात उतरतो. त्यात एक्झॉस्ट फॅन लावलात तर तोच धूर आत ओढेल. सिलिंडर गळला की वास येतो, कारण त्यात मर्कॅप्टन मुद्दाम घातलेलं असतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला मात्र वासच नाही, आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतो. डिसेंबरच्या थंडीत आपण खिडकीही लावून घेतो!

तुमच्याकडे चौक आहे ना? मग गिझरच तिथल्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला बसवा आणि आत फक्त गरम पाण्याची लाइन घ्या. माझ्या मते बिनपाइपाचा गिझर तर घरात नकोच. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा झाकणावर काजळी धरली, तर लगेच बंद करून मेकॅनिकला बोलवा.